न झालेल्या बाळांची मोजदाद

१९७१ च्या जुलैमध्ये केरळात एर्नाकुलमच्या टाऊन हॉलात पुरुष नसबंदीचे शिबिर भरले. जिल्हाधिकारी एस. कृष्णकुमार यांनी त्याला जत्रेचे रूप दिले होते. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला रोख पैसे मिळत, वर कापड आणि धान्य. महिना संपला तेव्हा वहीत आकडा होता ६३,४१८. जगभरच्या कुटुंबनियोजनवाल्यांच्या तोंडी तो पुढे बरीच वर्षे होता.

या आकड्याची गंमत अशी की तो शेवटच्या माणसापर्यंत मोजलेला आहे. चारशे सतरा नाही, चारशे अठराच. पण त्याच्या पुढचा प्रश्न विचारला की सगळे धूसर होते. या शिबिरामुळे त्या जिल्ह्यात मुले किती कमी जन्मली? झालेले बाळ मोजता येते. त्याची नोंद दफ्तरात असते आणि रडणे शेजाऱ्यांना ऐकू येते. न झालेले बाळ मोजायचे, तर शिबिर भरलेच नसते तेव्हा काय झाले असते ते आधी सांगावे लागते. शिबिर न भरलेला तो एर्नाकुलम जिल्हा पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. गेली सत्तर वर्षे लोकसंख्याशास्त्रज्ञ आणि त्यांच्या मागोमाग आलेले अर्थशास्त्रज्ञ या नसलेल्या जिल्ह्याच्या शोधात आहेत.

सरकारी दफ्तराने मात्र फार शोधाशोध न करता हिशेबाचे सूत्र ठरवून टाकले. तीन तांब्या म्हणजे एक नसबंदी. गोळ्या घेणाऱ्या नऊ बायका म्हणजे एक नसबंदी. निरोध वापरणारी अठरा जोडपी म्हणजेही एक नसबंदी. मग एका नसबंदीमागे अमुक इतके जन्म टळले असे धरायचे, गुणाकार करायचा आणि वार्षिक अहवालात ‘टळलेले जन्म’ लाखांत छापायचे. भारताने १९५२ साली राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, असे करणारा जगातला तो पहिला देश. पुढची चाळीसेक वर्षे यशाची मुख्य मोजपट्टी ही अशी होती.

गोम आहे ती शस्त्रक्रिया कोणाची झाली यात. चार मुले झालेल्या, चाळिशीकडे झुकलेल्या बाईचा नवरा शिबिरात गेला तर त्यामुळे किती बाळे टळली? कदाचित एक, कदाचित एकही नाही. ते जोडपे तसेही थांबणारच होते. कार्यक्रमाने त्यांना थांबण्याची खात्रीची सोय दिली, एवढेच. पंचविशीतल्या, दोन मुलांच्या आईची गोष्ट निराळी. पण वहीत दोघांची नोंद सारखीच, एक ‘केस’. जिथे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना केसेसचे टार्गेट वाटून दिलेले असते, तिथे सोपी केस आधी सापडते. आणि सोपी केस म्हणजे जिच्यामुळे जननदराला फरक पडत नाही ती.

आणीबाणीत हे उघड झाले. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २७ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९७६-७७ मध्ये त्या झाल्या ८२ लाख ६० हजार. महाराष्ट्र विधिमंडळाने तर त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. आता साधा हिशेब करून पाहू. त्या वेळी देशात वर्षाला दोन कोटींहून थोडी जास्त मुले जन्मत. या ८२ लाखांपैकी फक्त पाव घरांत दर वर्षी एक बाळ येणार होते असे धरले, तरी देशातले दहातले एक बाळ कमी व्हायला हवे होते. म्हणजे हजारी ३४ चा जन्मदर ३१ च्या खाली यायला हवा होता. तो ३३ वर आला, आणि पुढची काही वर्षे तिथेच रेंगाळला. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तर किंचित वरच सरकला. लोकसंख्येत तरुण जोडप्यांचे प्रमाण वाढत होते हे त्याचे एक कारण. दुसरे असे की १९७७-७८ मध्ये शस्त्रक्रिया दहा लाखांच्याही खाली आल्या. लोक सरकारी दवाखान्याच्या वाटेलाच जाईनात. जबरदस्तीने झालेल्या केसेसमध्ये वयस्क पुरुष होते, रजोनिवृत्त झालेल्या बायकांचे नवरे होते, अविवाहितही होते. वहीतला आकडा आणि पाळण्यातला आकडा यांची फारकत इतक्या ठळकपणे क्वचितच दिसली असेल.

पण यावरून कार्यक्रमाचा परिणाम शून्य, असे म्हणणेही तितकेच उतावीळपणाचे. कार्यक्रम आला आणि जननदर घसरला, ही गोष्ट डझनावारी देशांत घडलेली आहे. अडचण अशी की त्याच काळात मुली शाळेत जाऊ लागल्या, बालमृत्यू घटले, लग्ने उशिरा होऊ लागली, शेतीवरचे हात शहराकडे वळले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ आली. कावळ्याचे वजन किती हे शोधायचे, तर कावळा न बसलेली, पण तितकीच किडकी दुसरी फांदी शोधावी लागते.

अशी फांदी शोधायचा पहिला मोठा प्रयत्न पंजाबात झाला. लुधियाना जिल्ह्यातल्या खन्ना गावाच्या परिसरात हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉन वायन आणि जॉन गॉर्डन यांनी पन्नासच्या दशकात काही गावे निवडली. काही गावांत घरोघरी जाऊन फेसाच्या गोळ्या दिल्या, बाकीच्या गावांत नाही. लोकांनी गोळ्या नम्रपणे घेतल्या. विचारले तर वापरतो म्हणाले. काही वर्षांनी जन्म मोजले तेव्हा दोन्हीकडे सांगण्यासारखा फरक नव्हता. पुढे महमूद ममदानी हा तरुण अभ्यासक त्यांपैकी मनुपूर गावी जाऊन राहिला आणि १९७२ मध्ये त्याचे पुस्तक आले. त्यात एका घरी गोळ्यांच्या डब्या रचून केलेल्या शोभेच्या वस्तूचे वर्णन आहे. माणसे गोळ्या का घेत होती? लांबून आलेल्या पाहुण्याला नाही कसे म्हणायचे, म्हणून. ममदानीचे म्हणणे असे की शेतकऱ्याला मुलगे हवे होते, कारण शेतीला हात हवे होते. माणूस गरीब आहे तो पोरे जास्त म्हणून, हे समीकरणच उलटे आहे. त्याने ते जरा ताणले, असे माझे मत. कारण त्या भागाचा जन्मदर पुढे खाली आलाच, आणि त्याचा मोठा भाग मुलींची लग्ने उशिरा होऊ लागल्याचा होता. पण मोजमाप करणाऱ्यांना खन्नाने एक धडा कायमचा दिला. साधन वाटले म्हणजे ते वापरले असे नव्हे, आणि वापरतो असे सांगितले म्हणजे तर नव्हेच.

दुसरा प्रयोग तैवानातला, १९६३ चा, ताइचुंग शहरातला. मिशिगन विद्यापीठाचे रोनाल्ड फ्रीडमन त्यामागे होते. शहरातल्या सुमारे चोवीसशे शेजारवस्त्या वेगवेगळ्या गटांत वाटल्या. कुठे घरभेटी, कुठे फक्त टपालाने पत्रे, कुठे काहीच नाही. पत्रांचा उपयोग जवळजवळ झाला नाही, घरभेटींचा झाला. खरी गंमत मात्र ‘काहीच नाही’ या वस्त्यांत झाली. तिथल्या बायकाही तांबी बसवायला येऊ लागल्या, कारण पलीकडच्या आळीतल्या बाईने बसवली होती. कार्यक्रमाच्या दृष्टीने ही पर्वणी, मोजणाऱ्याच्या दृष्टीने आपत्ती. तुलनेसाठी राखलेली कोरी पाटी पाण्याच्या नळावरच्या गप्पांनी भरून गेली. शिवाय तैवानचा जननदर प्रयोगाआधीच उतरणीला लागला होता.

या विषयातली पंढरी म्हणजे बांगलादेशातले मतलब. ढाक्याच्या आग्नेयेला, चांदपूर जिल्ह्यात, नद्यांच्या जाळ्यात वसलेला हा भाग. पटकीच्या संशोधनासाठी तिथे १९६६ पासून प्रत्येक जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर यांची नोंद ठेवली जात होती. एवढी चोख वही गरीब देशात दुसरीकडे नव्हती. १९७५ मध्ये तिथे घरोघरी गोळ्या वाटल्या. वापर वाढला आणि थोड्याच महिन्यांत ओसरला, खन्नाचीच पुनरावृत्ती. मग १९७७ च्या ऑक्टोबरात आराखडा बदलला. १४९ गावांपैकी ७० गावांत नवी सेवा, ७९ गावांत नेहमीची सरकारी सेवा. नव्या सेवेत त्याच परिसरातल्या शिकलेल्या, विवाहित, स्वतः साधन वापरणाऱ्या तरुण बायका नेमल्या. त्या दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जात. हाताशी एकच साधन नसे. गोळी, निरोध, तांबी, शस्त्रक्रियेची सोय, आणि विशेष म्हणजे इंजेक्शन. कुणाला त्रास झाला तर तीच बाई पुन्हा येई, दुसरे साधन सुचवी, दवाखान्यात नेई. पडद्यातल्या बाईला घराचा उंबरा ओलांडायची गरज उरली नाही, नवऱ्याला किंवा सासूला विचारायचीही बऱ्याचदा उरली नाही.

दीड वर्षात साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सातावरून तेहतिसावर गेले. दोन वर्षांत या गावांचा जननदर शेजारच्या गावांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने खाली आला. मुलींच्या शाळा वाढल्या नव्हत्या, गरिबी हटली नव्हती, कारखाने आले नव्हते. तरी जन्म कमी झाले. ज्यांना ‘विकास हेच उत्तम गर्भनिरोधक’ ही घोषणा तोंडपाठ होती त्यांना हे पचवायला जड गेले.

मतलबच्या आकड्यांवर तेव्हापासून आजवर इतके वाद झाले आहेत की त्यांतूनच या शास्त्राची अर्धी भाषा तयार झाली. पहिला आक्षेप: गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, सलग पट्ट्यांत निवडली होती, म्हणून दोन बाजू मुळात सारख्या होत्या का? जुन्या शिरगणतीचे आकडे काढून शरीन जोशी आणि टी. पॉल शुल्त्झ यांनी तपासले. बऱ्याच अंशी होत्या. दुसरा आक्षेप अधिक बारीक आणि मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चौथा हिस्सा कमी जन्म हे पहिल्या दोन वर्षांचे मोजमाप. बाईने बाळ नकोच म्हटले की पुढे कधीतरी म्हटले, हे दोन वर्षांत कळत नाही. तिने पाळणा लांबवला असेल, तर आज न झालेले बाळ चार वर्षांनी होईलच. ‘एकूण जननदर’ हा आकडा एका बाईचा नसतोच. एका वर्षातल्या सगळ्या वयांच्या बायकांचे जन्म जोडून एक काल्पनिक बाई उभी करतात, तिचा तो असतो. सगळ्यांनी एकदम लांबणीवर टाकले की ही काल्पनिक बाई अचानक कमी मुलांची होते, खरी बाई मात्र होईलच असे नाही. म्हणून जोशी आणि शुल्त्झ यांनी जवळपास वीस वर्षांनंतर, १९९६ च्या पाहणीत, बायकांना प्रत्यक्ष झालेली मुले मोजली. फरक उरला होता, पण पाव नव्हे. साधारण १५ टक्के. म्हणजे ढोबळमानाने बाईमागे एक मूल कमी, किंवा त्याहून थोडे कमीच. माझ्या मते या सबंध विषयातला हा सर्वांत भरवशाचा आकडा आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट यांनी हिशेब मांडला की मतलबमध्ये एक जन्म टाळायला आलेला खर्च बांगलादेशाच्या तेव्हाच्या दरडोई वार्षिक उत्पन्नापेक्षाही जास्त होता. एवढी चोख सेवा साऱ्या देशाला कशी परवडावी? पण बांगलादेशाने घरोघरी जाणाऱ्या बायकांची तीच रीत, स्वस्तात आणि विरळ प्रमाणात का होईना, देशभर नेली. १९७५ ला बाईमागे ६.३ मुले होती, नव्वदच्या दशकाच्या मध्याला ३.३. त्याच काळात, १९७१ पर्यंत एकाच देशाचा भाग असलेल्या पाकिस्तानात घसरण फार संथ होती. तिथला जननदर २०१७-१८ मध्येही ३.६ होता. पाकिस्तान हा बांगलादेशाचा ‘तुलनेचा गट’ आहे, असे कार्यक्रमाचे पक्षपाती आवडीने सांगतात. मी ते थोडे राखून घेतो. तयार कपड्यांचे कारखाने, बचतगटांचे कर्ज, मुलींना शाळेसाठी शिष्यवृत्ती, हे सगळेही बांगलादेशातच झाले.

याच प्रिचेट यांचा १९९४ चा लेख म्हणजे कार्यक्रमवाल्यांच्या गोटात पडलेला बाँब. त्यांनी देशोदेशीचे आकडे शेजारी ठेवले. बायकांना किती मुले ‘हवी’ आहेत आणि प्रत्यक्षात किती होतात, या दोहोंची सांगड इतकी घट्ट निघाली की देशांमधला जननदरातला ९० टक्के फरक हव्या असलेल्या मुलांच्या फरकानेच उलगडतो. साधने मिळतात की नाही, याला उरला अगदी थोडा वाव. म्हणजे मागणी हेच सारे. उलट बाजूने जॉन बोंगार्ट्स यांनी नव्वदच्या दशकात अंदाज केला होता की साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत विकसनशील देशांत झालेल्या घसरणीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा कार्यक्रमांचा. एकाच जगाकडे पाहून दोन शहाणी माणसे इतकी वेगळी उत्तरे देतात, तेव्हा प्रश्नातच काहीतरी मेख असते.

ती अशी की ‘किती मुले हवीत’ हे उत्तर आभाळातून पडत नाही. पाच मुले पदरात असलेल्या बाईला तुला किती हवी होती असे विचारले, तर मांडीवरच्या पोरावर हात ठेवून ती तीन कशी म्हणेल? आणि कार्यक्रम घरोघरी येऊन दोन मुलांची चर्चा करतो, भिंतीवर लाल त्रिकोण रंगवतो, रेडिओवर गाणी लावतो, तेव्हा तो साधन देतो तशी इच्छाही थोडी घडवतो. ती घडवलेली इच्छा प्रिचेट मागणीच्या खात्यात टाकतात, बोंगार्ट्स कार्यक्रमाच्या. भांडण आकड्यांचे कमी, खातेवहीतल्या रकान्यांचे जास्त.

अर्थशास्त्रज्ञांनी मग देश सोडून जिल्हे आणि खेडी धरली. इथे त्यांनी आणखी एक अवघड गाठ दाखवली. सरकार दवाखाना कुठे उघडते? कधी जिथे जननदर फार आहे तिथे, कधी जिथे लोक ऐकून घेतील तिथे. पहिल्या प्रकारात दवाखान्याशेजारी मुले जास्त दिसणार आणि कार्यक्रम कुचकामी ठरणार. दुसऱ्यात उगाच तेजस्वी. मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९८६ मध्ये फिलिपिन्सच्या आकड्यांवरून हे मांडले, आणि त्यानंतर दवाखाना असलेली आणि नसलेली गावे नुसती शेजारी ठेवण्याचा काळ संपला.

मग एकाच गावाची दवाखान्यापूर्वीची आणि नंतरची वर्षे तपासायची रीत आली. इंडोनेशियात पॉल गर्टलर आणि जॉन मॉलिनो यांना दिसले की ऐंशीच्या दशकातली बहुतेक घसरण साधनांच्या वाढत्या वापरातून आली. पण तो वापर वाढण्यामागे मुख्यतः बायकांचे शिक्षण आणि मजुरी होती. कार्यक्रमाच्या वाढत्या खर्चाचा थेट वाटा चार ते आठ टक्के. कोलंबियात प्रोफामिलिया ही संस्था गावोगाव कोणत्या वर्षी पोहोचली यावरून ग्रँट मिलर यांनी काढलेला वाटा सहा-सात टक्के. आकडे बारीक आहेत. पण मिलर यांच्याच कामात एक गोष्ट आहे जी मला त्या टक्क्यांपेक्षा मोठी वाटते: ज्या मुलींना किशोरवयात साधने मिळाली त्यांचे पहिले बाळ लांबले, त्या अधिक शिकल्या आणि नोकरीत टिकल्या. आयुष्यभरातली मुले थोडीच कमी झाली, ती केव्हा झाली यात मात्र बराच फरक पडला.

अलीकडे चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग बरेच झाले आहेत, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी भांडतात असे वरवर वाटते. बुर्किना फासोमध्ये पास्कालिन द्यूपा, सीमा जयचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ हजारांहून अधिक बायकांवर प्रयोग केला. अर्ध्यांना तीन वर्षे साधने फुकट. जन्मांत काहीही फरक नाही. मलावीत लिलाँग्वे शहरात फुकट साधनांबरोबर समुपदेशन, दवाखान्यापर्यंत वाहन आणि त्रास झाल्यास उपचार असे सगळे दिले. लवकर पुन्हा दिवस जाण्याचे प्रमाण बरेच घटले. झांबियात तर फुकट साधनांची चिठ्ठी बाईला एकटीला दिली की नवऱ्यासमोर, एवढाच फरक केला. एकटीला चिठ्ठी मिळालेल्या बायका अधिक संख्येने दवाखान्यात गेल्या आणि त्यांना नकोसे बाळंतपण निम्म्याहून कमी वेळा आले. हे तिन्ही एकत्र वाचले की भांडण मिटते. बुर्किना फासोच्या खेड्यात साधनाची किंमत हा अडसर नव्हताच. बायकांना मुले हवी होती. झांबियात अडसर घरात बसलेला होता. मतलबच्या कार्यकर्तीने पंधरवड्याच्या भेटीत नेमका हाच अडसर वळसा घालून चुकवला होता.

आता आपल्याकडे येऊ. भारताला मतलब मिळाले नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्याच्या जनन-मृत्यूची पाहणी १९५३ मध्येच प्रसिद्ध केली होती, कुमुदिनीबाईंनी साठच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रातल्या नसबंदी शिबिरांचा अभ्यासही केला. मुंबईत देवनारला लोकसंख्याशास्त्राची संस्था १९५६ पासून आहे. माणसे होती, नियत होती. पण कार्यक्रम एकदम सगळीकडे सुरू झाला. तुलनेला कुणी शिल्लक ठेवलेच नाही. म्हणून आपल्याकडचा पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो.

त्यातली सर्वांत बोलकी घटना १९९६ च्या एप्रिलमधली. कैरोतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेनंतर दोन वर्षांनी केंद्राने टार्गेट रद्द केली. केसेस लगेच घटल्या. पूर्वीच्या बऱ्याच केसेस वहीतच जन्मल्या होत्या, हे त्यातून कळले. जननदर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, तो ३.४ होता. पुढच्या फेऱ्यांत २.९, २.७, २.२ आणि २०१९-२१ मध्ये २.०. टार्गेट गेल्याने घसरण थांबली नाही. दुसरी गोष्ट पी. एन. मारी भट यांनी दाखवली: या घसरणीत निरक्षर बायकांचा वाटा मोठा होता. शिक्षणाने जननदर घटतो हे खरे, ज्याँ द्रेझ आणि ममता मूर्ती यांचे जिल्हावार काम तेच सांगते. पण न शिकलेली आईही दोन मुले शिकवायची म्हणून थांबली. आंध्रात लग्ने लवकर, साक्षरता कमी, तरी जननदर केरळाच्या पातळीला आला, आणि तिथे दहातल्या सात विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली आहे. आंध्रात कार्यक्रमाने काम केले नाही असे म्हणणे मला तरी जमणार नाही.

मोजपट्टीवर किती विसंबायचे याचा नमुना गोव्यात आहे. २०१५-१६ च्या पाहणीत गोव्यातली २६ टक्के जोडपी संततिनियमनाचे काही ना काही साधन वापरत होती, बिहारमधली २४ टक्के. जवळजवळ सारखीच. जननदर गोव्यात १.७, बिहारमध्ये ३.४. उशिरा होणारी लग्ने हा एक खुलासा. पण पाचच वर्षांनी गोव्याचा वापर ६८ टक्के आणि बिहारचा ५६ नोंदला गेला. गोवेकर पाच वर्षांत इतके बदलले असे कोणी मानणार नाही. दारात आलेल्या अनोळखी पाहणीवालीला घरातली बाई काय सांगते आणि काय गिळते, त्याचाच हा फरक असावा.

साताऱ्याची हकीकतही इथे सांगायला हवी. २००७ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेने ‘दुसरा मधुचंद्र’ योजना आणली: लग्नानंतर दोन वर्षे पहिले मूल लांबवले तर ५,००० रुपये, तीन वर्षे लांबवले तर ७,५००. विचार चांगला होता, कारण पहिली खेप लांबली की आईचे वय वाढते, आणि पिढ्यांमधले अंतरही. पण पैसे घेऊन गेलेल्यांपैकी किती जोडपी तसेही थांबणार होती? चिठ्ठ्या टाकून निम्म्या तालुक्यांत योजना आधी आणि निम्म्यांत नंतर केली असती, तर आज साताऱ्याचे नाव मतलबशेजारी आले असते.

परिणाम मोजायचा तर सगळाच मोजावा. दोनपेक्षा जास्त मुले असलेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, हा नियम महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आला. एस. अनुकृती आणि अभिषेक चक्रवर्ती यांनी राज्यांची तुलना करून दाखवले की जन्म खरोखर घटले, आणि त्याबरोबर वरच्या जातींत मुलींचे जन्मातले प्रमाणही घसरले. दोनच मुले, त्यांतला एक मुलगा हवाच. मग गाळले कोण गेले हे सांगायला नको. जननदराच्या रकान्यात हा नियम यशस्वी आहे.

आढावा घेणाऱ्याने निकाल द्यायचा असतो, तो देतो. चांगला, नियमित, निवडीला वाव देणारा कार्यक्रम, बायकांना मुले कमी हवी असतील तिथे, बाईमागे अर्धे ते एक मूल कमी करतो. सबंध घसरणीपुढे हा आकडा लहान आहे, एका बाईच्या आयुष्यात लहान नाही. जिथे मुले हवीच आहेत तिथे फुकट वाटपाने काही होत नाही. आणि सक्तीने वह्या भरतात. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांच्यापुढे देशाचा जन्मदर नव्हता, समोर आलेली बाई होती. ‘हवी तेवढी आणि हवी तेव्हा झाली का’ ही त्यांची मोजपट्टी तेव्हा कुणी घेतली नाही.

महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता, गोव्याचा १.३. एर्नाकुलमच्या त्या वहीत ६३,४१८ पुरुष होते. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या दर हजार विवाहित बायकांमागे शस्त्रक्रिया झालेल्या बायका होत्या ३७९, आणि शस्त्रक्रिया करून घेतलेले नवरे होते तीन.